कृत्य करतेवेळी

साहित्याच्या अभ्यासकांनी कायद्याची कलमे वाचावीत, असे मी म्हणू लागले की सहकारी सौजन्याने विषय बदलतात. त्यांचा फारसा दोष नाही. कायद्याचे गद्य कोरडे असते, आणि कोरडेपणा हाच त्याचा गुण मानला जातो. तथापि गेली दोन सत्रे महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून ‘साक्ष आणि कथन’ या नावाचा अभ्यासक्रम शिकवीत असताना एका कलमातील दोन शब्दांपाशी मी पुनःपुन्हा थांबत आले आहे. त्या थांबण्याचा हिशेब कोठेतरी मांडावा असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ते कलम म्हणजे १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ८४ वे. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि कलमाचा क्रमांक २२ झाला. वाक्य मात्र जवळजवळ तसेच राहिले. त्याचा आशय असा : कृत्य करतेवेळी जो मनुष्य मनोविकलतेमुळे आपण काय करीत आहोत हे, अथवा आपण करतो आहोत ते गैर वा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ असेल, त्याचे ते कृत्य अपराध ठरत नाही. वाक्य लांब आहे, परंतु त्याचा सगळा भार ‘कृत्य करतेवेळी’ या दोन शब्दांवर आहे. मनुष्य त्यापूर्वी दहा वर्षे भ्रमिष्ट असो, त्यानंतर वीस वर्षे भ्रमिष्ट राहो. कायदा विचारतो तो त्या क्षणाविषयी.

ही क्षणनिष्ठा आली कोठून, याचा इतिहास सर्वश्रुत आहे. जानेवारी १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. टोरी पक्ष आपला छळ करीत आहे, अशी त्याची समजूत होती. ज्यूरीने वेडाच्या कारणावरून त्याला निर्दोष ठरविले, लोक संतापले, आणि उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना प्रश्न विचारून जी उत्तरे मिळविली तीच पुढे ‘मॅक्नॉटन नियम’ म्हणून साम्राज्यभर पसरली. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात याविषयीची भाषा अधिक मोकळी होती. वेडाच्या वा वाताच्या भरात केलेले कृत्य अपराध नव्हे, एवढेच तो सांगत होता. १८६० मध्ये कायदा झाला तेव्हा मेकॉलेचे शब्द मागे पडले आणि लंडनच्या न्यायाधीशांची कसोटी आत आली. मॅक्नॉटन सुटला, असे आपण म्हणतो. परंतु ‘सुटणे’ हे क्रियापद येथे फसवे आहे. १८६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, तो वेड्यांच्या इस्पितळांतच होता.

आपल्याकडे २०२३ मध्ये नव्या संहितेचे विधेयक प्रथम आले तेव्हा त्यात ‘मनोविकलता’ जाऊन ‘मानसिक आजार’ असा शब्दप्रयोग आला होता. संसदीय समितीने हरकत घेतली, की ‘मानसिक आजार’ ही संज्ञा फार व्यापक आहे. तिच्यात नशेमुळे उद्भवणाऱ्या अवस्थांचाही समावेश होऊ शकेल. डिसेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्यात जुनाच शब्द परत आला. वैद्यकाचा शब्द चार महिने कायद्याच्या उंबऱ्यावर उभा राहिला आणि परत गेला. समितीची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही. मात्र ज्यांचे ‘आजार’ मोठे आणि ‘विकलता’ पुरेशी नाही, अशा माणसांचे काय करायचे, हा प्रश्न त्या परत जाण्याने अनुत्तरित राहिला.

आमच्या वर्गात भारताच्या सहासात भाषांतून आलेली मुले आहेत. एकदा मी प्रत्येकाला आपापल्या भाषेतील वेडासाठीचे शब्द फळ्यावर लिहावयास सांगितले. हिंदीच्या विद्यार्थ्याने ‘पागल’ आणि कायद्यातील ‘विकृतचित्त’ हे शेजारी लिहिले आणि स्वतःच हसला. बंगालीची मुलगी ‘ख्यापा’ लिहून थांबली नाही; बाउल गायक तो शब्द आपल्या नावापुढे बिरुदासारखा लावतात, हे तिने सांगितले. तमिळ विद्यार्थिनीने सुंदरर या शैव संतकवीने शिवालाच ‘पित्ता’, म्हणजे वेड्या, अशी हाक मारल्याची आठवण दिली. मल्याळममधून नारणत्तु भ्रान्तन आला, डोंगरावर दगड चढवून तो खाली गडगडताना पाहून हसणारा. मी ‘पिसे’ लिहिले, आणि आमच्या संतांनी ते किती अभिमानाने मिरविले ते सांगितले. फळा भरला. तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘मॅडम, यांतला एकही कुणाला मारत नाही.’’ हा विद्यार्थी आधी विधी महाविद्यालयात शिकून मग साहित्याकडे वळलेला आहे. त्याचे म्हणणे खरे होते. आपल्या साहित्यपरंपरांनी वेडाला देवाच्या शेजारी बसविले, परंतु हातात कोयता घेतलेल्या वेड्यासाठी शब्द घडविण्याचे काम आपण दुसऱ्याच कोणावर सोपविले. स्मृतिकारांनी ‘उन्मत्ता’चा विचार केला तो प्रामुख्याने व्यवहाराच्या संदर्भात, वेड्याने वा मद्यप्याने केलेला करार सिद्ध होत नाही, हे याज्ञवल्क्य सांगतो. हिंसेपाशी आलो की आपल्या हाती उरते ते मॅक्नॉटनचे ऋण.

महाराष्ट्राला या संदर्भात एक नाव ठाऊक आहे : रमण राघव. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसे रात्री डोक्यात प्रहार करून मारली जात होती. ऑगस्टमध्ये तो पकडला गेला, त्याने कबुली दिली, आणि १९६९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. त्याने अपील करण्याचे नाकारले. फाशी कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्यास सांगितले. त्या मंडळाला दीर्घकालीन छिन्नमनस्कता आढळली. पुढे जन्मठेप झाली ती १९८७ मध्ये. १९९५ मध्ये पुण्यात त्याचा आजाराने मृत्यू झाला.

त्याच्यावर चित्रपट निघाले आहेत आणि त्याच्या नावाने मुंबईतल्या आया एके काळी मुलांना भीती घालीत. मला थांबविते ती वेगळीच गोष्ट. डॉक्टरांच्या तपासणीतून त्याच्या मनाचे जे चित्र पुढे आले, त्यात त्याची एक अढळ समजूत होती : जगे दोन आहेत, एक हे, आणि दुसरे ‘कानून’चे. आपण त्या कानूनचे प्रतिनिधी आहोत. लोक आपले लिंग बदलू पाहत आहेत, परंतु कानूनचा प्रतिनिधी असल्यामुळे ते त्यांना साधत नाही.

आता ८४ व्या कलमाचा प्रश्न या माणसाला विचारून पाहावा. आपण करतो ते ‘कायद्याविरुद्ध’ आहे हे तुला ठाऊक होते काय? पोलीस आपल्याला धरतील हे त्याला ठाऊक होते. खून हा या जगात गुन्हा आहे हेही ठाऊक असावे. पण जो स्वतःला कायद्याचाच दूत समजतो, त्याच्या लेखी ‘कायदा’ या शब्दाचा अर्थ काय, आणि तो अर्थ न्यायाधीशाच्या अर्थाला कोठे भेटतो? न्यायालयात ज्याला आपण कायदा म्हणतो तो त्याच्या दृष्टीने कदाचित दुसऱ्या जगाचा एक अपुरा अनुवाद असेल. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटावे : शब्द एकच, संहिता दोन. त्याच्या हातून मेलेली माणसे मात्र एकाच जगातली होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना झोपायला दरवाजा असलेले घर नव्हते. आपल्याकडच्या चर्चेत हा दुसरा भाग लवकर विसरला जातो; चित्रपटांत तर तो केवळ पार्श्वभूमी होतो.

अभ्यासक्रमात रमण राघवच्या आधी आम्ही एक फ्रेंच प्रकरण वाचले होते. जून १८३५ मध्ये नॉर्मंडीतील पिएर रिव्हिएर या वीस वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलाने आपली आई, बहीण आणि भाऊ यांना कोयत्यासारख्या हत्याराने ठार केले. आई गरोदर होती. तुरुंगात त्याने आपली हकीकत स्वतःच्या हाताने लिहिली : आईवडिलांच्या लग्नापासूनची, भांडणांची, कर्जांची, वडिलांच्या हालांची, सविस्तर आणि सुसंगत. मिशेल फूको व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ते सारे दप्तर प्रसिद्ध केले. दप्तरातला पेच असा, की ज्याला लिहिता-वाचता जेमतेम येत असेल असे लोकांना वाटत होते त्याने इतके नेटके लिहिले, यावरून एका बाजूने तो शहाणा असल्याचे सिद्ध केले आणि दुसऱ्या बाजूने त्याच कागदांतून त्याचे वेड दाखविले. स्थानिक डॉक्टर म्हणाला, आजार नाही. कानचा डॉक्टर म्हणाला, जन्मापासून आहे. ज्यूरीने मृत्युदंड दिला. पॅरिसच्या नामवंत वैद्यांनी त्याच्या वेडाविषयी मत दिल्यावर फेब्रुवारी १८३६ मध्ये राजाने तो जन्मठेपेत बदलला. १८४० मध्ये रिव्हिएरने तुरुंगात गळफास घेतला.

येथे आजारी माणसाची कोंडी होते. जो स्वतःची कथा सांगू शकत नाही त्याच्याजवळ पुरावा नाही. जो सांगू शकतो त्याची कथाच त्याच्याविरुद्ध पुरावा होते. आमच्या क्षेत्रात आपण सुसंगत कथनाला इतके मोल देतो, की त्याची ही दुसरी बाजू क्वचितच नजरेस येते. व्हॉयत्सेक हे नाव नाट्याभ्यासकांना परिचित आहे. प्रेयसीचा खून करणाऱ्या त्या खऱ्या न्हाव्याच्या, आवाज ऐकणाऱ्या, तुटक बोलणाऱ्या माणसाच्या मनाची एका सरकारी वैद्याने दोनदा तपासणी केली, दोन्ही वेळा त्याला जबाबदार ठरविले, आणि ऑगस्ट १८२४ मध्ये लाइप्झिगच्या बाजारचौकात त्याचा शिरच्छेद झाला. ब्यूख्नरने पुढे त्याच्यावर जे नाटक लिहिले ते अपुरे राहिले, आणि जे आपल्या हाती आहे त्यात खटला नाही. मला ही उणीव वाटत नाही. नाटककाराने त्याला गुन्ह्याच्या क्षणाआधीचे दिवस परत दिले : दाढी करण्याचे, वाटाणे खाऊन डॉक्टरच्या प्रयोगासाठी शरीर विकण्याचे, पैसे घरी नेऊन देण्याचे.

क्षणाकडे पाहायचे तर आजूबाजूचा काळ लागतो, हे आपल्या न्यायालयांना ठाऊक नाही असे नाही. १९६४ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निर्णायक वेळ कृत्याचीच, परंतु त्या वेळची मनःस्थिती आधीच्या, तेव्हाच्या आणि नंतरच्या परिस्थितीवरून ताडावी लागते. तरीही कसोटी एवढी अरुंद आहे, की आजार असूनही बहुतेक आरोपी तिच्यातून पार होत नाहीत. ‘वैद्यकीय वेड’ निराळे आणि ‘कायदेशीर वेड’ निराळे, हे वाक्य निकालपत्रांत इतक्यांदा येते की आता त्याला ध्रुवपदाचे रूप आले आहे. मग उरतो तो शिक्षेचा टप्पा. दोषसिद्धीला ‘होय’ आणि ‘नाही’ एवढीच दोन उत्तरे असतात. शिक्षेत तरतम असू शकते. क्षणाला मिळालेल्या जागेनंतर आयुष्याला काही जागा मिळण्याची शक्यता असेल तर ती येथेच.

१९८० मध्ये बचनसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या विरुद्ध तोलावयाच्या गोष्टींत आरोपीचा तीव्र मानसिक वा भावनिक क्षोभ आणि त्याच्या जाणिवेला बाधा आणणारा मनोदोष यांची गणना केली. तेथेही नजर कृत्याच्या वेळेवरच होती. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात पंधरा कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. त्यांपैकी काहींच्या बाबतीत नंतर जडलेला वा वाढलेला मानसिक आजार हे एक कारण होते. आणि १२ एप्रिल २०१९ रोजी महाराष्ट्रातील एका प्रकरणात न्यायालयाने हा विचार अधिक स्पष्ट केला : दोषसिद्धीनंतरचा गंभीर मानसिक आजार हा फाशी रद्द होण्यासाठी विचारात घ्यावयाचा घटक आहे. आपल्याला का मारले जात आहे हे ज्याला उमगत नाही, त्याला मारण्याने शिक्षेचा हेतू साधत नाही, असे त्यामागचे तत्त्व. ते वाचताना मला रिव्हिएर आठवला. तुरुंगात त्याने असा समज करून घेतला होता, की आपण आधीच मेलो आहोत. माझी मान कापा, मी मेलेलाच आहे, मला दुखणार नाही, असे तो म्हणत असल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्राने लिहिले.

२०१९ च्या निकालाचे शीर्षक विलक्षण आहे : आरोपी ‘एक्स’ विरुद्ध महाराष्ट्र राज्य. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने रुग्णाला दिलेल्या गोपनीयतेच्या हक्काचा विचार करून न्यायालयाने त्याचे नाव झाकले. १९९९ मधील ते कृत्य भयंकर होते. दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून त्यांना मारण्यात आले होते. हा मनुष्य दीड दशकाहून अधिक काळ फाशीच्या छायेत होता. निकालाने त्याची फाशी टळली, उर्वरित आयुष्य सुटकेच्या आशेविना तुरुंगात काढावयाचे ठरले आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी राज्यावर टाकण्यात आली. नाव झाकण्याच्या त्या निर्णयाविषयी माझ्या वर्गात कडाक्याची चर्चा झाली. एका मुलीचे म्हणणे, आजारपण ही लज्जास्पद गोष्ट आहे असेच यातून सूचित होते. दुसरीने विचारले, त्या दोन मुलींची नावेही कायद्याने आपल्याला घेता येत नाहीत. मग या कथेत नाव उरले कोणाचे? उत्तर ‘राज्य’ असे होते. मला स्वतःला ते झाकणे योग्य वाटते. रमण राघवच्या नावाचे काय झाले ते आपण पाहिले आहे.

माझी तक्रार निराळी आहे. मनाच्या आजाराचा हा सगळा सूक्ष्म विचार आपल्याकडे झाला तो वधस्तंभाच्या पायरीवर. कैद्याला दोर दिसू लागल्यावर न्यायालये त्याचे केसपेपर मागवितात. पण ज्याला दुखापतीसाठी पाच वर्षे, जाळपोळीसाठी सात वर्षे झाली, त्याच्या निकालपत्रात शिक्षेविषयीचा परिच्छेद चार ओळींचा असतो : आरोपी गरीब आहे, घरी म्हातारी आई आहे, पहिलाच गुन्हा आहे. तो रात्री कोणाशी बोलत असे, गोळ्या कधी सुटल्या, याला तेथे रकाना नाही. फौजदारी प्रक्रियेने १९७३ पासून शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन घातले. ऐकणे होते. सांगणारा कोण?

शिक्षा म्हणजे काय, याचा माझा पहिला अनुभव न्यायालयातला नाही. माझ्या माहेरी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात, १९८९ च्या माघात माझ्या धाकट्या काकांनी आमच्या गड्याच्या कोयत्याने त्याच्याच हातावर वार केला. तो कवळ तोडून आणून मागील दारी टेकला होता. काका तिशीचे होते. वर्षभर त्यांना बांबूच्या बेटातून हाका ऐकू येत होत्या. गड्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मी नऊ वर्षांची होते. संध्याकाळी ओटीवर आजोबा, पोलीस पाटील आणि गावातले दोन वडीलधारे बसले, आणि फिर्याद करायची नाही असे ठरले. औषधपाण्याचा खर्च आजोबांनी केला, गड्याला खालच्या अंगाची पाच गुंठे वरकस जमीन तोंडी दिली, आणि काकांना पाठच्या पडवीत ठेवून दाराला बाहेरून कडी घातली.

ती कडी २००८ मध्ये, ते गेले तेव्हा निघाली. एकोणीस वर्षे. आजी दोन वेळा ताट सरकवीत असे. ‘पिसा आहे, वाईट नाही,’ असे ती म्हणे. त्या घरात ‘पिसे’ हा शब्द मी अभंगांच्या आधी तिच्या तोंडून ऐकला. शिमगा जवळ आला, ढोल वाजू लागले, की काका दाराच्या फटीतून विचारीत, ‘‘वहिनी, माझी सुट्टी कधी?’’ आणि माझी आई सांगे, ‘‘पाऊस होऊ दे, भाऊजी.’’ कोणीही क्रूर नव्हते. काकांना तुरुंगापासून वाचविले, याचे समाधान आजोबांना शेवटपर्यंत होते. न्यायाधीश नव्हता, त्यामुळे अपीलही नव्हते. मुदत ठरलीच नव्हती, म्हणून ती संपणारही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी गावी गेले तेव्हा त्या गड्याची मुलगी भेटली. ती आता आशा कार्यकर्ती आहे. घरोघरी गोळ्या पोचविते, त्यांत मनाच्या आजाराच्याही असतात. आजोबांच्या मागे त्या पाच गुंठ्यांची नोंद सातबाऱ्यावर कधी झालीच नाही, हे तिच्याकडून कळले. राग न आणता ती बोलत होती. ‘‘तुमचे काका भ्रमिष्ट होते, ते आम्हांला ठाऊक होतं. पण हात तर शहाण्या माणसाचाच गेला ना, ताई?’’ तिच्या वडिलांनी उरलेल्या दोन बोटांनी वीस पावसाळे नांगर धरला. एकाच्या पदरात पडलेल्या दयेची किंमत दुसऱ्याने चुकविली. ओटीवर ते ठरले तेव्हा त्याला विचारण्यात आले नव्हते.

अशी पडवी घरातच असते असे नाही. आसाममधील मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपावरून पकडण्यात आले आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडण्यात आले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते खटल्यास योग्य असल्याचे कळविले. त्यानंतर त्यांना गुवाहाटीच्या तुरुंगात हलविण्यात आले, आणि खटला चाललाच नाही. २००५ मध्ये, चोपन्न वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते बाहेर आले. २००७ मध्ये वारले. त्यांना कोणत्याही न्यायालयाने कसलीही शिक्षा सुनावलेली नव्हती. त्यामुळेच शिक्षा पूर्ण झाल्याची तारीख कोणाच्या दप्तरात नव्हती. शिक्षेच्या बाजूने बोलण्याची माझ्यासारखीवर वेळ यावी हे चमत्कारिक आहे, पण मोजून दिलेल्या शिक्षेत एक सभ्यता असते, हे मला लालुंगांचे प्रकरण वाचताना आणि पाठच्या पडवीची कडी आठवताना मान्य करावे लागते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्णांसाठी व्यवस्था असावी असे म्हटले आहे. उपचार आणि मुदत ही दोन्ही एकाच छपराखाली आणण्याचा तो प्रयत्न आहे.

मे २०२२ मध्ये मध्यप्रदेशातील एका प्रकरणात, मनोज यांच्या, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फाशी होऊ शकेल अशा खटल्यांत आरोपीच्या मानसिक तपासणीचे अहवाल आणि त्याच्या पूर्वायुष्याची माहिती सत्र न्यायालयाच्या पातळीवरच मागवावी. तेव्हापासून एक नवा गद्यप्रकार आपल्या देशात लिहिला जाऊ लागला आहे. आरोपीचे आप्त, शेजारी, शाळामास्तर, मुकादम यांच्या मुलाखती घेऊन त्याचे चरित्र लिहावयाचे. चरित्राच्या अभ्यासकांनी अजून त्याकडे पाहिलेले नाही. मुलाखती होतात त्या मराठीत, संथाळीत, तेलुगूत. न्यायालयापुढे जातो तो इंग्रजी कागद.

मागच्या बाकावरचा तो विद्यार्थी असे अहवाल करणाऱ्या वकिलांसाठी तेलुगूतून अनुवाद करतो. नावगाव पुसून त्याने एकदा एक वाक्य माझ्यापुढे ठेवले. आरोपीची आई म्हणाली होती, ‘गालि सोकिंदि’. शब्दशः, वारे लागले. आपण म्हणू, बाहेरचे लागले. ‘तेव्हापासून मानसिक आजार सुरू झाला’ असे लिहिले, तर न्यायालयाला हवा तो पुरावा मिळतो, परंतु आई तसे बोललेली नाही. तिचे शब्द ठेवले, तर सरकारी वकील म्हणणार, ही खेडवळ अंधश्रद्धा. यात आजार कोठे आहे? अख्खी दुपार आम्ही त्यावर घालविली. अखेर तिचे वाक्य तसेच ठेवून त्यापुढे ती आणखी काय बोलली ते सारे द्यावे, असे ठरले : तो जेवेनासा झाला, रात्री विहिरीभोवती फिरू लागला, बहिणीला ओळखेनासा झाला. अहवालाच्या नमुन्यात ‘आजाराचा प्रारंभ’ असा एक रकाना होता आणि त्यात वर्ष लिहिणे अपेक्षित होते. आईला वर्ष सांगता आले नव्हते. विद्यार्थ्याने तिला पुन्हा फोन लावला, आणि परत येऊन त्या रकान्यात लिहिले : दुसऱ्या मिरचीतोडीच्या वेळी, धाकटी रांगत होती तेव्हा.